घरच्या रेकॉर्डिंगचे सामान: काय कामी आले, काय वाया गेले

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी राहत्या घरातल्याच एका खोलीत रेकॉर्डिंग करतो. खंजिरी भजनाची मंडळे, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या वयस्क बाया, हार्मोनियमवर गाणी बसवणारी शाळेतली मुले, असे गाणारे येतात. आसपासच्या तालुक्यांतली पोरे विचारतात की अशी खोली करायची तर आधी काय घ्यावे. या विषयावर जे वाचायला मिळते ते शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेले असते आणि त्यातली यादी मायक्रोफोनपासून सुरू होते. आमच्याकडे ती विजेपासून सुरू व्हायला हवी, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

म्हणून सर्वांत चांगली खरेदी पहिल्यांदा सांगतो: अर्थिंगचा खड्डा. गावातल्या जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असला तरी वरच्या मोठ्या छिद्रामागे बहुधा वायरच नसते. लॅपटॉप चार्जिंगला लावून त्याच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवले की झिणझिण्या येतात, ते याचेच लक्षण. अडॅप्टरमधून झिरपणाऱ्या अगदी थोड्या विजेला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही, मग ती ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डबीच्या, वायरींतून वाट शोधते आणि रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची घरघर व तिच्या पटीतले १००, १५० हर्ट्झचे सूर कायमचे बसून जातात. ही घरघर नेमकी पुरुषाच्या आवाजाच्या आणि हार्मोनियमच्या खर्जाच्या पट्ट्यात येते, त्यामुळे नंतर सॉफ्टवेअरने ती काढायला गेले की आवाजाचा गाभाही तिच्यासोबत जातो. वायरमनला बोलावून परसात खड्डा करून घेतला, त्यात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उभा करून भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर भरले आणि तिथून जाड वायर थेट खोलीतल्या बोर्डापर्यंत आणली. घरघर थांबली. आमची काळी माती ओली असेपर्यंत वीज चांगली वाहून नेते, पण एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात नेमाने पाणी टाकावे लागते. एक मात्र कळकळीने सांगतो. सॉकेटमधला अर्थ न्यूट्रलला जोडून वेळ मारून नेणारे लोक आहेत. तसे कधीही करू देऊ नका. न्यूट्रल तुटला तर यंत्राच्या धातूच्या अंगात पूर्ण २३० व्होल्ट येतात, आणि गाणाऱ्याचे ओठ मायक्रोफोनच्या जाळीला लागलेले असतात.

विजेचीच दुसरी बाजू इंटरफेसच्या निवडीत येते. माझ्याकडे फोकसराइटचा स्कारलेट २आय२ आहे. तो यूएसबीवरच चालतो, त्याला वेगळा अडॅप्टर लागत नाही, आणि आमच्यासाठी हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर भजन पूर्ण होते, आणि चार्जर काढलेला असला की विजेचा उरलासुरला आवाजही नाहीसा होतो. याउलट घरातला स्वस्त इन्व्हर्टर या कामाला निरुपयोगी ठरला. तो साइन वेव्ह देत नाही, चौकोनी लहर देतो, आणि त्या लहरीचे कंगोरे करकरीच्या रूपाने थेट हेडफोनमध्ये ऐकू येतात. ज्यांना इन्व्हर्टर घ्यायचाच आहे त्यांनी शुद्ध साइन वेव्हचाच घ्यावा.

आता सर्वांत वाईट खरेदी. ऑनलाइन बाजारात ‘स्टुडिओ कंडेन्सर किट’ या नावाखाली एक पेटी मिळते. तिच्यात सोनेरी जाळीचा मायक्रोफोन, टेबलाला आवळायचा कात्रीसारखा हात, तळहाताएवढा पॉप फिल्टर (तोंडातल्या हवेचा फटका अडवणारी जाळी) आणि एका टोकाला ३.५ मिमीची पिन असलेली वायर असते. कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनला चालायला बाहेरून वीज लागते. पेटीवर तिच्यासाठी ४८ व्होल्टचा उल्लेख असतो, पण ती पिन कॉम्प्युटरच्या माइकच्या छिद्रात घातली की तिथून जेमतेम दोन-पाच व्होल्ट मिळतात. आवाज येतो, मात्र तो बारीक येतो, त्यामुळे साउंड कार्डचा गेन, म्हणजे आवाज वाढवण्याची पातळी, शेवटापर्यंत चढवावी लागते आणि पावसाच्या भुरभुरीसारखी सळसळ सगळ्या गाण्यावर पसरते. तो हात तर मायक्रोफोनच्या वजनाने गाणे चालू असतानाच हळूहळू खाली झुकत जातो. या किटवर केलेले पहिले भजन मंडळातल्या एका वयस्क काकांना ऐकवले. डोळे मिटून त्यांनी ते पूर्ण ऐकले आणि म्हणाले, “भाऊ, हे माही खंजिरी नोहे.” मला ते लगेच पटले. खंजिरीच्या चकत्यांची किणकिण त्यात काचा फुटल्यासारखी येत होती आणि कातड्यावरच्या थापेचा गोलावा कुठेच नव्हता.

खंजिरी हे माइकची परीक्षा घेणारे वाद्य आहे. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) ती भजनाच्या मध्यभागी आणली आणि आज आमच्या भागातले एकही मंडळ तिच्यावाचून बसत नाही. कातड्यावरची थाप आणि चकत्यांचा झणत्कार हे दोन्ही एकाच क्षणी, एकाच वीतभर जागेतून निघतात, आणि रंगात आलेला वाजवणारा ती हवेत फिरवत असतो. या कामी मला शुअरच्या एसएम५८ने साथ दिली. १९६६पासून बाजारात असलेला हा डायनॅमिक मायक्रोफोन आहे. त्याला फँटम पॉवर, म्हणजे वायरीतून मिळणारी ४८ व्होल्टची वीज, लागत नाही, हातातून पडला तरी बिघडत नाही, आणि त्याची ग्रहणशक्ती ५० हर्ट्झपासून १५ किलोहर्ट्झपर्यंतच असल्याने चकत्यांच्या वरच्या टोकदार सुरांना तो आपोआप थोडा लगाम घालतो. खंजिरीपासून तो सुमारे दीड फूट दूर आणि कातड्याकडे जरा तिरपा ठेवावा. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्य ही शेवटची मर्यादा) राहू द्यावी, म्हणजे शेवटच्या द्रुत लयीतली जोराची थापही फाटत नाही. या मायक्रोफोनच्या नकला बाजारात भरपूर आहेत, म्हणून तो अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा आणि पक्के बिल जपून ठेवावे. दुरुस्तीसाठी आम्हाला नागपूर गाठावे लागते, म्हणजे दीडशे किलोमीटर, तेव्हा न बिघडणारी वस्तू महाग असली तरी अंती स्वस्त पडते.

यानंतर खोलीबद्दल लिहितो, कारण पैसा सर्वांत जास्त वाया जातो तो इथेच. काळ्या फोमच्या टोकदार पट्ट्या भिंतीला चिकटवल्या की स्टुडिओ झाला, अशी समजूत फोटो पाहून होते. एक इंच जाडीचा फोम फक्त वरचे सूर शोषतो. त्याचे कारण साधे आहे: आवाजाची लहर भिंतीजवळ अडते आणि हवेची हालचाल भिंतीपासून लहरीच्या पाव लांबीवर सर्वाधिक असते, शोषणारी वस्तू त्या अंतरापर्यंत पोचली तरच हवा तिच्या धाग्यांत घासून आवाजाची ऊर्जा उष्णतेत विरते. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते. तिच्यापुढे एक इंच काहीच नाही. त्यामुळे फोम लावलेल्या खोलीत ‘स’ आणि ‘श’ गुदमरतात आणि खालचे सूर मात्र घुमतच राहतात, म्हणजे मोकळ्या खोलीपेक्षाही वाईट. शिवाय आमच्या चुन्याच्या भिंतीवर मे महिन्यातल्या उन्हाळ्यात तो चिकट टेप टिकत नाही. पट्ट्या एकामागून एक गळून पडतात आणि सोबत चुन्याचे पोपडे घेऊन येतात.

त्याला उत्तर आमच्या शेतातच पिकते. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून चार-चार इंच जाडीच्या गाद्या भरून घेतल्या, त्यांना साध्या मांजरपाटाची खोळ शिवली आणि बाभळीच्या लाकडाच्या चौकटीत बसवून त्या भिंतीपासून वीतभर दूर उभ्या केल्या. मागची ती पोकळी महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे त्याच गादीचे काम खालच्या सुरांपर्यंत उतरते. खोळ मात्र सच्छिद्र हवी. वरून रेक्झिन लावले तर वरचे सूर आत शिरतच नाहीत. दोन गाद्या गाणाऱ्याच्या पाठीमागे, दोन बाजूंना आणि एक दोरीने टांगून डोक्यावर, एवढ्यात आमच्या दहा बाय बाराच्या खोलीचा घुमारा आटोक्यात आला. वर्षाकाठी गाद्या उन्हात घालाव्या लागतात, उंदरांवर लक्ष ठेवावे लागते, आणि कोरडा कापूस लगेच पेट घेतो म्हणून दिवे व वायरी त्यांच्यापासून लांब ठेवाव्या लागतात. ही काळजी घेतली तर खोलीच्या आवाजासाठी याच्याइतकी कामाची खरेदी दुसरी नाही, आणि यातले पैसे गावातच राहतात हे मला विशेष मोलाचे वाटते.

खोली नीट झाल्यावर कंडेन्सर मायक्रोफोनबद्दलचे माझे मतही बदलले. इंटरफेसच्या खऱ्या ४८ व्होल्टवर चालणारा, आवाज झेलणारा आतला पडदा मोठा असलेला एक चांगला कंडेन्सर मी नंतर घेतला, तो ओव्यांसाठी. सत्तरीतली बाई जात्याच्या लयीत, स्वतःशीच म्हटल्यासारखी ओवी म्हणते, तेव्हा डायनॅमिकला इतका गेन द्यावा लागतो की इंटरफेसचीच सळसळ ऐकू येऊ लागते. कंडेन्सर मात्र तिचा श्वासही टिपतो आणि ओळीच्या शेवटी सूर सोडताना येणारा तिचा कंपही. पण तोच कान शेजारच्या घरातला कूलर, छतावरचा पत्रा तापताना होणारी टकटक आणि दूरवरचा मळणीयंत्राचा आवाजही टिपतो. म्हणून ओव्यांचे रेकॉर्डिंग पहाटेच करतो, तेही थंडीच्या दिवसांत, पंखा न लावता. पावसाळ्यात हा मायक्रोफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात राहतो, कारण ओलीने कंडेन्सरचा पडदा चरचरू लागतो.

स्पीकरवर खर्च करण्याची घाई कोणी करू नये. आठ इंची मॉनिटर स्पीकर मोठ्या हौसेने घरात येतात, पण बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये उभा राहतो आणि बसण्याची जागा हातभर बदलली तरी खर्ज कमी-जास्त होतो. अशा ठिकाणी घेतलेला कोणताही निर्णय दुसरीकडे ऐकल्यावर खोटा ठरतो. बंद कपांचा एक प्रामाणिक हेडफोन पुरेसा आहे. गाताना कानात वाजणारा तानपुऱ्याचा आवाज तो मायक्रोफोनमध्ये सांडू देत नाही आणि रात्री घरच्यांची झोपही मोडत नाही. शेवटी मी प्रत्येक भजन साध्या मोबाइलवर आणि मंडळाच्या भोंग्यावर ऐकून पाहतो, कारण ते तिथेच वाजणार असते.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसाठी रीपर घेतले. ६० दिवस ते पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते, वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही ते अडखळत नाही. ज्यांना तेवढेही शक्य नाही त्यांना मोफत मिळणारे ऑडॅसिटी पुरते. सवलतीत मिळणारे प्लगिनचे (सॉफ्टवेअरला जोडायच्या जादा साधनांचे) गठ्ठे टाळावेत. वायरींच्या बाबतीत एवढेच सांगतो की एक्सएलआरची (मायक्रोफोनच्या तीन पिनांच्या गोल टोकाची) बॅलन्स्ड वायर जाड आणि चांगल्या टोकांची घ्यावी. तिच्या दोन तारांतून एकच आवाज एकात सुलट आणि दुसरीत उलटा करून जातो, त्यामुळे वाटेत दोन्हींत सारखाच शिरलेला गोंगाट शेवटी वजा होतो. लांब अंतरावर हा गुण फार कामी येतो. स्टँड जड पायाचा घ्यावा.

एक खरेदी खोलीबाहेरची. झूमचा एच४एन हा हातातला रेकॉर्डर मी जुना घेतला. दोन पेन्सिल सेलवर तो चालतो, त्याचे दोन मायक्रोफोन ९० किंवा १२० अंशांत फिरवता येतात आणि खाली एक्सएलआरची दोन टोकेही आहेत. सप्ताहाच्या मांडवात किंवा झाडीपट्टीकडच्या (पूर्व विदर्भातल्या) दंडारीत, म्हणजे तिथल्या लोकनाट्यात, जिथे माणसे खोलीत आणता येत नाहीत आणि आणूही नयेत, तिथे तो घेऊन जातो. मांडवात त्याला बांबूला बांधून डोक्यांच्या वर, वाजवणाऱ्यांच्या बरोबर समोर लावतो. भोंग्यापासून मात्र दूरच ठेवतो.

पुढची खरेदी ठरलेली आहे: चार मायक्रोफोन एकाच वेळी घेणारा इंटरफेस, म्हणजे खंजिरी, हार्मोनियम, मुख्य गायक आणि मागचे झिलकरी यांना वेगवेगळ्या ट्रॅकवर घेता येईल. दोनच मायक्रोफोन घेणाऱ्या इंटरफेसवर मंडळ रेकॉर्ड करताना हार्मोनियम आणि झिलकरी यांना एकाच मायक्रोफोनवर बसवावे लागते, आणि झिलकऱ्यांचा आवाज वाढवला की भात्याची फुसफुसही वाढते. यंदाचा कापूस विकला गेला की तो घेणार आहे.