तीर्थन ते पंचेश्वर : फ्लाय रॉडच्या मागे एक वर्ष

हिमाचलात ट्राउट मासे पकडायला १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते. त्यामुळे माझं वर्ष जानेवारीत नाही, मार्चमध्ये सुरू होतं. या वेळी ते कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन खोऱ्यात सुरू केलं. मत्स्य विभागाचा परवाना काढला, गुशैणीच्या वरच्या अंगाला नदीत उतरलो आणि पोटऱ्या बधिर झाल्या. वितळलेल्या बर्फाचं पाणी ते!

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला आमिष लावत नाहीत. पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला नकली किडा, म्हणजे फ्लाय, असतो, आणि त्याला वजन असं नसतंच. म्हणून फेकायची ती जाड, वजनदार लाइन. किडा आपोआप तिच्यामागून जातो. रॉड मागे नेला की लाइन पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे आणायचा. सगळं कसब त्या थांबण्यात आहे. काठावर दाट झाडी असेल तर मागे उलगडायला जागाच उरत नाही, मग रोल कास्टवर, म्हणजे लाइन मागे न नेता पाण्यावरूनच पुढे उलगडण्यावर, भागवावं लागतं.

पण रॉड जोडायच्या आधी मी पाण्यातला एक दगड उचलून उलटा करतो. खालच्या बाजूला मेफ्लाय या नाजूक कीटकाच्या चपट्या अळ्या भराभर सावलीकडे पळतात. शेजारी वाळूचे कण चिकटवून बांधलेली बारीक नळी असते आणि तिच्या तोंडातून काळं डोकं बाहेर येतं. ही कॅडिस नावाच्या कीटकाची अळी. ट्राउटच्या पोटात काय जातंय, ते इथंच कळतं. डबीतून त्याच मापाची, त्याच रंगाची निम्फ, म्हणजे अळीसारखा दिसणारा फ्लाय, निवडायची.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून मोठ्या दगडाच्या आडोशाला उभा असतो, म्हणून जायचं ते खालच्या बाजूनं. लाइनचं टोक जरासं अडखळलं, मी रॉड उचलला आणि वजन जाणवलं. वीतभराहून थोडा मोठा ब्राउन ट्राउट. पिवळसर अंगावर काळे ठिपके, कडेला फिकट कड्यातले तांबडे ठिपके. हात ओले करूनच धरला, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. गळ बिनकाट्याचा होता, पटकन सुटला. तोंड प्रवाहाकडे धरलं. कल्ले नीट हलायला लागल्यावर तोच निघून गेला.

हा मासा मुळात इथला नाही. ब्रिटिशांनी युरोपातून आणला. कुल्लूत महिलीला १९०९ साली त्याचं पैदास केंद्र उभं राहिलं. इथला मूळचा मासा म्हणजे असला, ज्याला स्नो ट्राउट म्हणतात. ज्याच्यासाठी मी इतका लांब येतो तो या नदीत उपरा आहे, हे मला थोडं खटकतं. खटकून काही थांबत नाही, हेही खरं.

मे महिन्यात बर्फ जोरात वितळतो आणि दुपारनंतर पाणी गढूळ होतं. तेव्हा रॉड गुंडाळून ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून रोल्लापर्यंत चालत गेलो. २०१४ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. वाटेत नदी सोबत होती आणि ब्राउन डिपरही. हा चॉकलेटी पक्षी सरळ पाण्यात बुडी मारून तळाशी किडे शोधतो. पावसाळा मोकळ्या मैदानावर, लाइनच्या टोकाला लोकर बांधून कास्टिंग करण्यात गेला. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही.

ऑक्टोबरात पंचेश्वर. उत्तराखंड आणि नेपाळच्या सीमेवर इथे सरयू कालीला मिळते. इथला मासा सोनेरी महसीर, आणि त्याच्यासमोर ट्राउटचा रॉड म्हणजे काडी. म्हणून जाड लाइनचा, आठ नंबरचा रॉड, छोट्या माशासारखा दिसणारा लांब फ्लाय आणि रीलवर भरपूर बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागे जोडलेला राखीव दोरा. दोन प्रवाह जिथे घासतात त्या रेषेवर फ्लाय टाकला, दोनदा ओढला, आणि हाताला थेट हिसका बसला. मासा प्रवाहाबरोबर खाली सुटला. लाइन संपली, बॅकिंग सुरू झालं, रील किंचाळत राहिलं, आणि मग एकदम सगळं सैल. मी त्याला पाहिलंसुद्धा नाही. पकडलेल्या कित्येक ट्राउटपेक्षा मला तो जास्त आठवतो.

महसीर पावसाळ्यात अंडी घालायला वर, उपनद्यांत चढतो. १९९६ च्या महाकाली करारात या संगमाजवळ धरण बांधायचं ठरलं. आराखड्यातली उंची ३०० मीटरच्या वर आहे. वीज हवी, हे मलाही कळतं. पण एवढी भिंत हा मासा चढणार नाही, आणि तो आजच संकटग्रस्त यादीत आहे.

थंडीत ट्राउट खडीत अंडी घालतो, तेव्हा त्या पाण्यात पायही घालू नये. मी जानेवारीत फक्त दुर्बीण घेऊन रामनगरजवळ कोसीकाठी गेलो, आयबिसबिल हा नदीकाठचा पक्षी पाहायला. राखाडी अंगामुळे तो गोट्यांत बसला की सापडत नाही. लाल, खाली वाकलेली चोच हलली तरच कळतं. ती चोच तो दगडांखाली घालून अळ्या काढत होता. अर्धा तास पाहिलं, बहुतेक वेळा बारीक आणि काळपटच काहीतरी निघालं. माझ्या डबीत १६ नंबरच्या, म्हणजे बारीक गळावरच्या, काळ्या निम्फ कमीच आहेत, त्या आता करायला घेतल्यात.