गुलाबी थंडी, तुम्ही विचारलंत म्हणून

बातम्यांत निफाडचा पारा दिसला की माझा फोन वाजायला लागतो. ठाण्याची नणंद, पुण्याची मामेबहीण, कॉलेजातल्या मैत्रिणी. प्रश्न एकच: "काय मस्त गुलाबी थंडी असेल ना तुमच्याकडे! करता काय मग दिवसभर?" मी आपली "काही नाही, शेकत बसतो" म्हणून मोकळी होते. या आठवड्यात नणंदेने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हटलं, एकदा नीट सांगूनच टाकावं.

आमची दीड एकर द्राक्षबाग आहे, थॉमसन जातीच्या हिरव्या द्राक्षांची. ऑक्टोबरात छाटणी होते आणि जानेवारीत घड भरत आलेले असतात. नेमकी तेव्हाच उत्तरेकडून गार वारं सुटतं. आभाळ स्वच्छ असल्याने दिवसभराची ऊब रात्री उडून जाते. पहाटे पारा 5-6 अंशांवर, दुपारी मात्र स्वेटर काढून ठेवावा असं ऊन. या फरकाने हिरव्या मण्यांवर गुलाबी झाक चढते. त्याला पिंक बेरी म्हणतात, आणि तसा घड दिसला की व्यापारी तोंड वाकडं करतो. तर ताई, आमच्याकडे गुलाबी असतं ते हे.

त्यावर उपाय म्हणजे घडांना कागद लावणं. म्हणून सध्या आमच्या पुढच्या खोलीत सोफा दिसत नाही, रद्दीचे गठ्ठे दिसतात. संध्याकाळी टीव्ही लावून सगळे पानं सुटी करत बसतो. एकेक पान घडाभोवती गुंडाळायचं आणि वरून स्टेपलर मारायचा. सासूबाईंच्या हातात गठ्ठा दिला की काम संपलंच. चष्मा लावून त्या दोन वर्षांपूर्वीचं राजकारण वाचत बसतात आणि मध्येच विचारतात, "हा आता कुठल्या पक्षात आहे गं?" कोणालाच सांगता येत नाही. शाईने बोटं काळी होतात. भाकरी थापायच्या आधी ती गार पाण्यात साबणाने घासायची, याला मात्र मी शिक्षा म्हणते.

रात्री तीनला यांचा गजर होतो. बांधावर ओलसर पाचटाच्या शेकोट्या पेटवायच्या, म्हणजे धूर बागेत रेंगाळतो. मग ठिबक सुरू करायचं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, त्याची मुळांना ऊब मिळते. अर्थात लाईट असली तर. नसली की हे घोंगडी पांघरून मोटरीजवळ बसून राहतात आणि मी चहाचा थर्मास पोचवते. त्या वेळी आमच्यात फारसं बोलणं होत नाही.

सकाळी बंब पेटतो, तोही छाटणीच्या वाळल्या काड्यांवर. खोबरेलाची बाटली बंबाशेजारी ठेवल्याशिवाय मुलीची वेणी होत नाही. आंघोळीच्या नंबरावरून रोज भांडण.

बेत म्हणाल तर होते की. सोमवारी गाद्या गच्चीवर टाकायच्या होत्या, पण गच्चीवरही रद्दीच वाळत होती, दवाने भिजलेली. रविवारी नाशिकला जाऊन मुलाला स्वेटर घ्यायचा होता. जुन्याच्या बाह्या कोपराशी आल्यात. मजूर फक्त रविवारीच मोकळे निघाले, त्यामुळे तो बेत पुढच्या आठवड्यावर गेला. तोवर तो वडिलांचा जुना स्वेटर घालून शाळेत जातो आणि बाह्या दुमडल्या की ऐटीत दिसतो असं त्याचं म्हणणं आहे.

एकच बेत तडीस गेला, शेंगोळ्यांचा. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट घालून घट्ट मळलं. मुलगी शेजारी बसून तळहातावर वळ्या करत होती. तिची शेंगोळी जाड-बारीक, पण मी काही बोलले नाही. भरपूर लसणाच्या फोडणीत पाणी उकळायला ठेवलं, एकेक वेटोळं सोडलं आणि शेवटी थोडं पीठ कालवून ओतलं की रस्सा दाटला. बाजरीची भाकरी त्यात चुरून सगळे चुलीपाशीच जेवलो. हे दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाले, "उद्या म्हणे अजून एक अंश उतरणार."

तेवढ्यात फोन वाजला. ठाण्याहून. हात पिठाचे होते, मुलीने स्पीकरवर टाकला.

"काय वहिनी, शेकत बसलात ना?"


"हो हो," मी म्हटलं, "शेंगोळी खातोय. या तुम्ही. येताना घरातली रद्दी घेऊन या."