तिला विचारलंच नव्हतं

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये प्लायवूडचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका पेढीचं ऑर्डर आणि चलनाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. प्रोग्राम मूळचा दुसऱ्या कुणी लिहिलेला, एएसपी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या वेब प्रोग्राम लिहायच्या साधनाच्या पहिल्या काळातला. ऑर्डरच्या सगळ्या ओळी त्यात डेटाग्रिडमध्ये, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यात, दिसतात आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला दोन लिंक असतात, ‘बदला’ आणि ‘काढा’. पुढे तो त्याच साधनाच्या फ्रेमवर्क ४ या आवृत्तीवर आणला गेला, पण पानं तीच राहिली. चालतंय तर हात कशाला लावायचा, हा व्यापाऱ्याचा हिशोब आणि तो चुकीचा नसतो.

एका सकाळी शेठचा फोन आला. उंड्रीच्या साइटवर टेम्पो पोचला होता. त्यात फ्लश डोअर होते, मायका होता, फेव्हिकॉलचे डबे होते, पण अठरा एमएमचा प्लाय नव्हता. चाळीस शीट नाहीत आणि सुतारांची अख्खी टोळी बसून. चलनात प्लायची ओळ नव्हती कारण ऑर्डरमध्येच नव्हती, आणि ऑर्डर लिहिली त्या दिवशी शेठनी ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. “साहेब, कुणीतरी उडवलीय. कुणी, तेवढं सांगा.”

कुणी, हे त्यांचं ठरलेलंच होतं. ऑर्डरचं काम काउंटरवरच्या ताईच बघतात.

सेव्हन लव्हज चौकातून आत वळलो तर नेहमीप्रमाणे टेम्पोंनी रस्ता भरलेला. दुकानात ताई मान खाली घालून चलनं लावत होत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, “दादा, काढा दाबलं की तो विचारतो ना? मला त्यानं विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणजे मी काढा दाबलेलंच नाही.” आदल्या दिवशी दुपारी त्या ऑर्डरमध्ये दाराच्या कड्यांची संख्या बदलायला त्या गेल्या होत्या, हे त्यांनी आपणहून सांगितलं. फोन वाजत होता, गिऱ्हाईक समोर उभं होतं.

शेठ आतून म्हणाले, “दिवसभर ओके ओके दाबत असता, वाचता कुठे?”

शेठचं हे म्हणणं उगाच नव्हतं. ‘काढा’ दाबल्यावर खात्री विचारणारी तीच चौकट, तेच वाक्य, दिवसातून कितीतरी वेळा समोर आलं की बोट आपोआप ओकेवर जातं. सवय लागलेल्या माणसाला आपण काय दाबलं ते आठवत नाही, यात खोटेपणा नसतो. मीही तिथे उभा राहून ताईंवर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरवू शकत नव्हतो. पण त्यांचा युक्तिवाद मला सोडवेना. त्या ‘मी नाही केलं’ एवढंच म्हणत नव्हत्या. ‘केलं असतं तर विचारलं गेलं असतं’ म्हणत होत्या, आणि ही गोष्ट तपासता येते.

सर्व्हरची नोंदवही आधी उघडली. आयआयएस या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये कोणतं पान कुठल्या वेळी, कुठल्या मशीनवरून मागितलं गेलं ते असतं, पण पोस्टबॅकच्या, म्हणजे पानावरून सर्व्हरकडे परत जाणाऱ्या निरोपाच्या, पोटात काय होतं ते नसतं. ‘बदला’ दाबलं काय आणि ‘काढा’ दाबलं काय, दोन्हींची ओळ लॉगमध्ये सारखीच. टेबलातून ओळ कायमची पुसलेली, कुणी आणि केव्हा याची कुठेही खूण नाही. म्हणजे ताईंच्या बाजूनं काही नाही आणि विरुद्धही काही नाही. अशा वेळी माणसावर आळ येतो, मशीनवर येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बॅकअप मात्र रोज रात्री होत होता. ताईंनी कड्यांची संख्या बदलली त्याच्या आधीच्या रात्रीची प्रत मी लॅपटॉपवर चढवली आणि तीच ऑर्डर उघडली. प्लायची ओळ जागेवर होती. पहिली ओळ फेव्हिकॉलची. ‘काढा’ दाबलं. नाव घेऊन प्रश्न आला, मी कॅन्सल केलं. मायका, प्रश्न आला. बिजागऱ्या, आला. मग प्लायच्या ओळीवर ‘काढा’ दाबलं. पान क्षणभर पांढरं झालं, परत आलं आणि ओळ नव्हती. काही विचारलं नाही. खालची कड्यांची ओळ एक घर वर सरकून प्लायच्या जागी येऊन बसली.

ताईंना हाक मारली आणि प्रत पुन्हा चढवून त्यांच्यासमोर, शेठसमोर तेच केलं. शेठ खुर्ची ओढून जवळ आले. “परत करा,” म्हणाले. परत केलं. ‘बदला’ आणि ‘काढा’ इतके खेटून होते की घाईत एकाऐवजी दुसरं, तेही वरच्या ओळीचं दाबलं जाणं अगदी सहज होतं. पान परत आलं तेव्हा ताईंच्या समोर कड्यांचीच ओळ होती. त्यांनी संख्या बदलली आणि फोन उचलला.

असं का होत होतं, ते ब्राउझरमध्ये त्या लिंकचा सोर्स, म्हणजे पानामागचा मूळ मजकूर, उघडल्यावर कळलं. डेटाग्रिडची प्रत्येक ओळ भरताना चालणाऱ्या आयटम डेटाबाउंड इव्हेंटमध्ये ‘काढा’ लिंकला ऑनक्लिक, म्हणजे दाबल्यावर ब्राउझरमध्ये आधी चालणारी जावास्क्रिप्ट भाषेतली आज्ञा, जोडला होता: रिटर्न कन्फर्म, म्हणजे ओके म्हटलं तरच पुढे जा, आणि कंसात एकेरी अवतरणात वस्तूचं नाव व प्रश्न. पूर्वी तिथे नुसतंच ‘काढायचं का?’ असावं. काम माझ्याकडे येण्याआधी कुणीतरी त्यात वस्तूचं नाव घातलं, आणि हेतू अगदी योग्य होता. पण प्लायचं नाव यादीत कसं होतं? ‘प्लाय १८ एमएम ८'×४'’. मार्केटमध्ये सगळे ‘आठ बाय चार’ म्हणतात आणि जुन्या यादीत तसंच लिहिलेलं होतं. एप्रिलमध्ये कंपनीची नवी दरयादी एक्सेलमधून जशीच्या तशी चढवली गेली, आणि फुटाची खूण तिच्याबरोबर आली. ती खूण म्हणजेच एकेरी अवतरण. आठच्या पुढे वाक्य संपलं असं जावास्क्रिप्टनं धरलं, पुढची अक्षरं तिला कळेनात, आणि अख्खा ऑनक्लिक बाद झाला. ऑनक्लिक बाद झाला की ब्राउझर लिंक अडवत नाही. लिंकच्या एचरेफमध्ये, म्हणजे ती दाबल्यावर जिथे नेते त्या पत्त्यात, पोस्टबॅक होताच, तो थेट सर्व्हरवर गेला.

सोर्समध्ये नुसत्या नजरेला सगळं ठीक दिसतं. फ्रेमवर्क ४ पासून ऑनक्लिकसारख्या अ‍ॅट्रिब्यूटमधली ही खूण एचटीएमएलच्या, म्हणजे पान लिहायच्या भाषेच्या, सांकेतिक आकड्यात लिहिली जाते. बघणाऱ्याला वाटतं, काळजी घेतलीय. पण ब्राउझर तो आकडा उलगडूनच मजकूर जावास्क्रिप्टकडे देतो, तोवर खूण पुन्हा मूळ रूपात आलेली असते. एचटीएमएलसाठीचं एन्कोडिंग, म्हणजे अशा खुणा सांकेतिक रूपात लिहिणं, वेगळं, जावास्क्रिप्टसाठीचं वेगळं, आणि इथे दोन्ही लागतात. दुसऱ्यासाठी फ्रेमवर्क ४ मध्येच जावास्क्रिप्ट-स्ट्रिंग-एन्कोड नावाची तयार सोय आहे. ती लावल्यावर प्लायनंही प्रश्न विचारला.

शेठना एवढ्यावर समाधान नव्हतं. दोनदा विचारा, पासवर्ड मागा, असं त्यांचं म्हणणं. मी ठाम नकार दिला. दोनदा विचारलं की माणूस दोनदा ओके दाबायला शिकतो, एवढाच फरक. शिवाय कन्फर्मची चौकट ब्राउझरमध्ये राहते. ती आली नाही तर सर्व्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. २००५ मध्ये गूगलचं वेब अ‍ॅक्सिलरेटर आलं तेव्हा हेच घडलं होतं. ते पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचं, आणि ज्या संकेतस्थळांनी पुसण्याचं काम साध्या लिंकवर ठेवलं होतं तिथल्या नोंदी कुणीही न दाबता उडाल्या. कन्फर्मची चौकट असूनही, कारण ते स्क्रिप्ट चालवतच नव्हतं.

म्हणून ओळ पुसणंच बंद केलं. टेबलात तीन रकाने वाढवले: रद्द आहे का, कुणी केली, केव्हा केली. ‘काढा’ दाबल्यावर ओळ ऑर्डरमधून दिसेनाशी होते, पण टेबलात राहते आणि ‘परत आणा’ म्हटलं की जागेवर येते. प्रश्नात नावाबरोबर संख्याही घातली, कारण ‘प्लाय’ वाचून डोळा पुढे सरकतो, ‘४० शीट’ वाचून थांबतो. ‘काढा’ दुसऱ्या टोकाला नेलं. शेठनी गोदामातून दुसरा टेम्पो भरायला सांगितला आणि ताईंना माणसांसमोर म्हणाले, “तुमचं बरोबर होतं, मी उगाच बोललो.” ताई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली.

मला मात्र तिथून उठता येईना. तेच वाक्य बाकीच्या पानांवरही चिकटवलेलं असणार हे उघड होतं, आणि होतंच: मालाच्या यादीत, पुरवठादारांच्या यादीत, ग्राहकांच्या यादीत. ग्राहकांमध्ये कॅम्पातले डिसोझा आडनावाचे काही कंत्राटदार होते आणि इंग्रजीत त्या आडनावात डीच्या पुढे हीच खूण येते. त्यांच्यापैकी कुणाची नोंद अशी न विचारता गेली असती तर तिच्याबरोबर उधारीचा अख्खा खातेउतारा गेला असता. ती सगळी पानं बदलून, प्रत्येक यादीतल्या अशा नावावर स्वतः ‘काढा’ दाबून बघेपर्यंत शटर ओढायची वेळ झाली होती. शेठ थांबले.