पाऊस काढला, पद गेलं

जत्रेतल्या नाटकांतले जुने नट भाऊ, त्यांची मुलाखत गोव्यात म्हार्दोळला, त्यांच्या राहत्या घरी रेकॉर्ड झाली. ऐन श्रावणात, राजांगणाला लागून असलेल्या सोप्यावर. राजांगण म्हणजे घराच्या मधलं अंगण, वरून उघडं, त्यामुळे बाहेर पाऊस म्हणजे घरातही पाऊस. यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्या मुलाने दोन कॉलर माइक लावले, दीड तास बोलतं केलं आणि सगळ्या फाइली फोंड्याला माझ्याकडे एडिटिंगसाठी पाठवून दिल्या. सोबत निरोप होता, "ताई, चवथीच्या आधी भाग टाकायचाय. एआयवर घाल ना, पाऊस निघून जाईल."

निघून गेला, हे खरंच. ॲडोबीच्या 'एन्हान्स स्पीच'मध्ये आवाज घातला आणि थोड्या वेळात भाऊ असे ऐकू आले, जणू मुंबईच्या एखाद्या बंदिस्त स्टुडिओत बसलेत. पूर्वी असा पाऊस कमी करायला मी अख्खी संध्याकाळ घालवायचे आणि तरी खाली खरखर राहायचीच. मला या साधनांचं कौतुक आहे, उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही.

पण भाऊ नुसते बोलत नाहीत. जत्रेतल्या नाटकांत त्यांचा उभा जन्म गेला. बोलता बोलता मांडीवर ताल धरतात आणि मध्येच पद सुरू करतात. बाविसाव्या मिनिटाला त्यांनी तान घेतली. मूळ फाइलमध्ये ती पावसातून वर येते, जराशी कापरी, पण सुरात. साफ केलेल्या फाइलमध्ये त्या जागी कोणीतरी झोपेत पुटपुटतंय. मांडीवरचा ताल पूर्ण गायब. या जातीची साधनं गोंगाट नुसता वजा करत नाहीत, तर शिकलेल्या नमुन्यावरून बोलणं नव्याने घडवतात. शिकवणी बोलण्याची, त्यामुळे गाणं आलं की त्यांची तारांबळ उडते. मग पदाचा तुकडा मी मुळातून घेतला, फक्त खालची घरघर कापली. आता पदात पाऊस आणि गप्पांत शुकशुकाट, हे कानाला फार खटकत होतं. शेवटी राजांगणातल्या पावसाचा एक सलग तुकडा काढून तो सगळ्या भागाखाली हलकासा अंथरला. म्हणजे आधी काढलेला पाऊस परत घातला. यातच दुपार गेली.

मजकुराची गंमत वेगळी. हल्ली बोलणं टाइप होऊन समोर येतं आणि वाक्य खोडलं की तेवढा व्हिडिओ कापला जातो. ॲडोबीच्या प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०२३ साली आली, डिस्क्रिप्टमध्ये त्याआधीच होती. मराठी मजकुरासाठी मी ओपनएआयचं व्हिस्पर वापरते. ते २०२२ साली आलं, ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकलेलं. भाऊंचे नाटकातले संवाद त्याने बऱ्यापैकी टिपले, अगदी 'महाराज'सकट. पण आमच्याकडे रंगमंच मराठी आणि स्वयंपाकघर कोकणी. व्हिस्परच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, कोकणी नाही. काकी मध्येच येऊन "च्या हाडूं?" म्हणजे 'चहा आणू?' म्हणाल्या, तर पडद्यावर उमटलं "चहाडू". आणि भाऊ जिथे नुसते पावसाकडे बघत गप्प बसले होते, तिथे याने स्वतःच्या मनाने लिहिलं, "पाहिल्याबद्दल धन्यवाद"!

शांतता कापणारं बटण तर मी दाबून लगेच परत फिरवलं. अर्ध्या सेकंदाहून मोठी प्रत्येक जागा त्याने मिटवली होती. संभाजीचं काम करताना दरबारात पहिलं वाक्य टाकण्याआधी भाऊ थांबतात आणि त्या थांबण्यावर लोक टाळ्या वाजवायचे, असं ते याच मुलाखतीत सांगतात. तो थांबाच गेला तर उरलेलं सगळं लॉटरीच्या जाहिरातीसारखं ऐकू येतं.

खरी अडचण आली ती एका सालावरून. "माझं पहिलं मोठं काम एकोणीसशे..." असं भाऊ म्हणाले आणि नेमकं त्याच वेळी आत पितळी भांडं पडलं. मूळ फाइलमध्ये सालाचं शेपूट ऐकू येत नाही. साफ केलेल्या फाइलमध्ये मात्र भांडं नाहीसं झालं आणि त्या जागी स्वच्छ, ठणठणीत "पासष्ट". मी दहादा ऐकलं. आवाज भाऊंचा, पण शब्द त्यांचा की यंत्राचा?

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊंनाच विचार ना कुठलं साल ते, मग त्यांच्या आवाजात एआयने करून टाक. मिनिटभराचा नमुना पुरतो." पुरतोही. पण डिस्क्रिप्टसारख्या ठिकाणी आवाजाची प्रतिकृती करायची तर ज्याचा आवाज त्यानेच संमतीचा मजकूर वाचून द्यावा लागतो. शिवाय खरं भासेल असं बनावट काही असलं तर ते जाहीर करा, हा यूट्यूबचा नियम मार्च २०२४ पासून आहेच. हे नियम नसते तरी मी केलं नसतं. माणूस हयात, ठणठणीत आणि पंधरा मिनिटांवर राहणारा. मग त्याच्या तोंडी शब्द कशाला घालायचा? यावर मुलगा म्हणतो, "मग एआय असूनही तुझे पैसे तेवढेच कसे गं?" हा प्रश्न हल्ली हॉटेलांच्या रील्सवालेही विचारतात आणि लग्नवालेही. मी त्याला मूळ फाइल आणि साफ केलेली फाइल, दोन्ही ऐकवल्या. पदापाशी पोहोचल्यावर तो गप्प झाला.

मग भाऊंना फोन केला. प्रतिकृती वगैरे समजावायला लागले तर मध्येच तोडून म्हणाले, "उद्यां यो गो, परतून सांगतां."

गेलो. तोच सोपा, तोच सदरा, फक्त पाऊस उघडलेला. अंथरायला मागचा पाऊस माझ्याकडे होताच. या वेळी भाऊंनी सालाचा आकडा सांगितलाच नाही. म्हणाले, ओपिनियन पोलच्या हंगामातली जत्रा ती. गोवा महाराष्ट्रात जायचा की वेगळा राहायचा, १६ जानेवारी १९६७ रोजी त्यावर मतदान झालं. विलीनीकरणाला फूल आणि विरोधाला दोन पानं, अशा निशाण्या होत्या. त्या रात्री निम्मा मांडव फुलाचा आणि निम्मा दोन पानांचा. संवाद कुठल्या बाजूला तोंड करून म्हणायचा यावरून आत रंगपटात वाद. एक नट तर रुसून बसला आणि त्याचं काम ऐन वेळी भाऊंच्या गळ्यात आलं. हे पहिल्या दीड तासात एका शब्दाने आलं नव्हतं. तिथे होतं नुसतं भांड्याखाली दबलेलं साल, आणि मी 'पासष्ट' तसंच सोडलं असतं तर हे कोणी विचारलंही नसतं.

तेवढ्यात आतून काकी : "ओपिनियन पोल जानेवारींत जालो. नाटक ताचे आदीं, दिसेंबरांत. तुमकां कांयच याद ना."

म्हणजे सहासष्ट. भाऊ मानायला तयार नाहीत. दोघांचं चांगलंच जुंपलं आणि कॅमेरा चालू होता. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "हे कापायचं नाही हां ताई."

कापलं नाही. त्या चार मिनिटांची सबटायटल्स मात्र मला बसून हाताने लिहावी लागली, कारण भांडण सगळं कोकणीत होतं.