‘प्रश्न उद्भवत नाही’ : आमच्या पीएचसीचं कुलूप कसं निघालं

आधीच सांगतो, मी कार्यकर्ता वगैरे नाही, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे माझं. कुणी मेसेज करून विचारतं की बाबा तू नक्की काय काय केलंस, प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. गावाचं, अधिकाऱ्यांचं, मंत्र्यांचं नाव घालणार नाही, मला इथेच राहायचंय अजून.

तर आमच्या गावाच्या वेशीवर प्राथमिक आरोग्य केंद्राची (पीएचसीची) नवी कोरी इमारत उभी होती, पिवळा रंग, रॅम्प, मागे डॉक्टरांचे क्वार्टर, सगळं. फक्त कुलूप. रॅम्पवर शेळ्या बसायच्या. एका रात्री दीड वाजता वहिनीला कळा सुरू झाल्या, 108 ला फोन केला, गाडी आली बिचारी वेळेत, पण ग्रामीण रुग्णालय 34 किलोमीटर, आणि पुतण्या मध्येच साखर कारखान्याच्या गेटसमोर गाडीतच झाला. दोघं ठणठणीत आहेत. पण जाताना गाडीच्या हेडलाईटमध्ये ती पिवळी इमारत दिसली होती ना, ती डोक्यातून जाईना.

रागाच्या भरात पहिलं काम काय केलं तर थेट मंत्र्यांना पत्र. ‘मा. मंत्री महोदय, सार्वजनिक आरोग्य’, दोन पानं, स्पीड पोस्टने. दीड महिन्याने उत्तर आलं की आपलं पत्र उचित कार्यवाहीस्तव संबंधितांकडे पाठवण्यात येत आहे. संबंधित म्हणजे कोण तर जिल्हा परिषद, जिच्याविरुद्ध मी तक्रार केली होती तीच. आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकली, तीही ‘निकाली’ दाखवायला लागली. निकाली म्हणजे त्यांच्या स्क्रीनवरून गेली एवढंच.

मग माहितीचा अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि लिहिलं, इमारत पूर्ण असूनही केंद्र का सुरू केलं नाही, याला जबाबदार कोण, रुग्णांची गैरसोय झाली तर भरपाई कोण देणार. उत्तर चार ओळींचं, ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’. मला वाटलं टाळतायत. पण मामांच्या ओळखीतले एक काका मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून रिटायर झालेत, त्यांना दाखवलं तर ते हसले. म्हणाले, अरे त्याचं बरोबर आहे, ‘का’ ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्येच सांगितलंय की माहिती म्हणजे रेकॉर्डवर जे आहे ते, कारणमीमांसा नाही. तू कागद माग. कागदात ‘का’ आपोआप सापडतो.

हे वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझे चार महिने वाचले असते.

दुसरा अर्ज काकांनी समोर बसवून लिहून घेतला. महाराष्ट्रात 2012 पासून नियम आहे, अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर, त्यामुळे संताप लिहायला जागाच नसते, हे एका अर्थी बरंच. प्रशासकीय मान्यतेची प्रत, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाच्या प्रती, आतापर्यंत दिलेल्या बिलांचा तपशील, इमारत हस्तांतरणाचा पत्रव्यवहार, पदनिर्मितीचा प्रस्ताव आणि त्याच्यावरच्या सगळ्या टिपण्या, बस. आणि शेवटी एक ओळ, ‘मला फाईलची प्रत्यक्ष पाहणी करायची आहे’. ही ओळ विसरू नका.

30 दिवस झाले, काही नाही. मधल्या काळात कलम 6(3) खाली (माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज तिकडे पाठवायचा) अर्ज एका टेबलावरून बांधकाम विभागाकडे, तिथून परत आरोग्य विभागाकडे असा हिंडून आला, प्रत्येक वेळी मला त्याची प्रत, त्यामुळे माझ्याकडे माहिती शून्य आणि पत्रं पाच. प्रथम अपील केलं, 20 रुपयांचा स्टॅम्प. सुनावणीला गेलो तर जेमतेम दहा-बारा मिनिटं चालली, अपिलीय अधिकारी म्हणजे त्यांचेच वरिष्ठ, पण बाई चांगल्या निघाल्या, म्हणाल्या मुदत उलटली आहे तेव्हा प्रती फुकट द्या आणि यांना फाईल दाखवा. ही तरतूद कायद्यात आहेच, कलम 7(6), एरवी पानाला 2 रुपये पडतात. फुकट मिळतंय म्हणून नाही, पण त्यांच्या तोंडून ऐकून बरं वाटलं.

इथे एक गोष्ट सांगतो, बऱ्याच लोकांना माहीत नसते. दुसऱ्या अपिलाला राज्य माहिती आयोगाकडे जायचं तर नंबर लागायला किती काळ जाईल याचा नेम नाही, तेवढ्यात माझा पुतण्या बालवाडीत गेला असता. पण सामान्य प्रशासन विभागाचं नोव्हेंबर 2018 चं परिपत्रक आहे, जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना रेकॉर्ड बघू द्यायचं. मी त्याची प्रिंट कायम खिशात ठेवायचो. पहिल्या सोमवारी क्लार्क म्हणाला असं काही नसतं. घडी उलगडून टेबलावर ठेवली. मग खुर्ची मिळाली, चहापण मिळाला.

सलग तीन सोमवार बसलो. पहिला तर भाषा समजण्यातच गेला, सरकारी टिपणीत कुणीच काही करत नाही, सगळं ‘करण्यात येते’, ‘सादर’, ‘अवलोकनार्थ’. दुसऱ्या सोमवारी चित्र दिसायला लागलं. माझा समज असा होता की पैसे खाल्ले असणार. तसं नव्हतं (निदान या फाईलमध्ये तरी नव्हतं). इमारतीचा पैसा वेगळ्या लेखाशीर्षातून (म्हणजे बजेटच्या वेगळ्या खात्यातून) येतो, तो आला, खर्च झाला, मार्चच्या आत बिलं निघाली. डॉक्टर, नर्स, शिपाई यांची पदं मात्र आपोआप येत नाहीत. त्यांचा वेगळा प्रस्ताव, तो जिल्ह्यातून उपसंचालकांकडे, तिथून संचालनालय, तिथून मंत्रालयात आरोग्य विभाग, मग वित्त विभाग, मग उच्चस्तरीय सचिव समिती. म्हणजे भिंत बांधायला एक खातं आणि भिंतीच्या आत माणूस बसवायला निम्मं मंत्रालय. फीत कापायचा फोटो भिंतीचा निघतो, पदनिर्मितीचा निघत नाही, त्यामुळे कशाची घाई होते हे सांगायला नको.

आता आमचा प्रस्ताव कुठे अडकला होता? वरून त्रुटी काढून परत आला होता, इमारत पूर्णत्वाचा दाखला जोडलेला नाही म्हणून. दाखला का नाही, तर बांधकामवाले म्हणतात विद्युतीकरणाची चाचणी झालेली नाही. चाचणी का नाही, तर इमारतीला वीजच नाही. वीज का नाही, तर जोडणीचं कोटेशन आलंय पण ते ठेकेदाराने भरायचं की आरोग्य खात्याने यावर पत्रव्यवहार चालू. अकरा महिने! मी ती पत्रं ओळीने मांडून मोबाईलवर फोटो काढले, क्लार्क नुसता बघत होता, मग हळूच म्हणाला, साहेब, आम्हाला पण हे आज एकत्र दिसतंय. खरंच सांगत असणार, कारण अर्धी पत्रं एका फाईलमध्ये होती आणि अर्धी दुसऱ्या.

कागद हातात आले, पण कागदाने कुलूप निघत नाही. आता तो ‘का’ कुणीतरी अशा ठिकाणी विचारायला हवा होता जिथे उत्तर द्यावंच लागतं, आणि ते ठिकाण म्हणजे सभागृह. आमचे आमदार सत्ताधारी पक्षाचे. त्यांच्याकडे गेलो, पाणी दिलं, फाईल बघितली, म्हणाले भाऊ, आपल्याच मंत्र्यांना आपण प्रश्न लावला तर बरं दिसत नाही, मी फोन करतो ना. केला असेलही. काका म्हणाले, आपलाच आमदार पाहिजे असं कुठंय, विधानसभेत 288 आहेत, परिषदेत 78 आहेत, कुणीही राज्यातल्या कुठल्याही गावाबद्दल विचारू शकतो. मग विरोधी बाकावरच्या एका विधानपरिषद सदस्यांच्या पीएला गाठलं. त्याने पहिलंच विचारलं, तक्रार आहे का कागद आहेत? कागद म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. त्यांच्याकडे रोज पन्नास लोक नुसत्या तक्रारी घेऊन येतात, त्यातून प्रश्न बनवता येत नाही.

प्रश्न त्याने माझ्यासमोरच टाईप केला, सरकारी साच्यात. ज्यांनी तारांकित प्रश्नांची (म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची) यादी वाचली नसेल त्यांनी एकदा वाचाच, वेगळंच साहित्य आहे. (1) अमुक गावातील प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत पूर्ण होऊनही ते बंद आहे, हे खरे आहे काय, (2) असल्यास, वीज जोडणीअभावी पदनिर्मितीचा प्रस्ताव प्रलंबित आहे, हे खरे आहे काय, (3) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? बघा, जो ‘का’ मला विचारता येत नव्हता तो इथे चार नंबरला ऐटीत बसलेला. मी खूश.

पुढची गंमत मात्र मला अजिबात माहीत नव्हती. हिवाळी अधिवेशन नागपूरला सुरू व्हायच्या आधीच एक दिवस दुकानात फोन आला, तोच क्लार्क, आवाज घाबरलेला. ‘तुमचा एलएक्यू आलाय ना?’ सभागृहातल्या प्रश्नाला ऑफिसात एलएक्यू म्हणतात. मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला व्हॉट्सॲपवर मेसेज फिरत होते, आजच्या आज माहिती पाठवा. ज्या कोटेशनवर अकरा महिने वाद घातला ते त्याच आठवड्यात भरलं गेलं! कुणी भरलं विचारू नका, मी नंतर तेही माहिती अधिकारात काढलं, आरोग्य खात्याच्या किरकोळ खर्चातून. म्हणजे पहिल्याच दिवशी भरता आलं असतं.

आणि मग छापील उत्तर आलं. यादीत आमचा नंबर फार खाली होता, तासाभरात तोंडी उत्तरापर्यंत आलाच नाही, त्यामुळे नुसतं लेखी. ‘(1) हे अंशतः खरे आहे. (2) वीज जोडणीची कार्यवाही पूर्ण करण्यात येत आहे. (3) पदनिर्मितीचा प्रस्ताव विचाराधीन आहे. (4) प्रश्न उद्भवत नाही.’

प्रश्न उद्भवत नाही! प्रश्न आल्यावर धावत जाऊन पैसे भरले, म्हणून आता विलंब उरला नाही, म्हणून कारणाचा प्रश्नच नाही. मी पीएला फोन करून शिव्या घातल्या (त्याला नाही, एकूणच). तो म्हणाला भाऊ, तुम्ही उत्तर काय वाचताय, मीटर बसलं की नाही ते सांगा. मीटर बसलं होतं.

मार्चमध्ये मुंबईच्या अधिवेशनात त्या सदस्यांनी लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) लावली. इथे फरक असा की मंत्र्यांना उभं राहून निवेदन करावं लागतं आणि त्यावर सदस्य उलटे प्रश्न विचारतात. मी दुकानात मोबाईलवर लाईव्ह बघत होतो, गिऱ्हाईकाला बेअरिंग चुकीचं दिलं त्या नादात. मंत्री सुरुवातीला तेच बोलले, बृहत आराखडा, टप्प्याटप्प्याने, राज्यभरात अनेक ठिकाणी. मग सदस्यांनी अकरा महिन्यांच्या पत्रांच्या तारखा ओळीने वाचल्या, माझ्या मोबाईलच्या फोटोंवरूनच, आणि विचारलं, तारीख सांगा. मंत्री मागे अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे बघायला लागले, चिठ्ठी आली, आणि म्हणाले, ‘तीन महिन्यांत केंद्र सुरू करण्यात येईल.’

काकांचा लगेच फोन, ‘करण्यात येईल’ म्हणाले ना? ‘तपासून घेऊ’ नाही ना? पक्कं? मग झालं, हे आश्वासन. तेव्हा कळलं की सभागृहात मंत्री जे कबूल करतात ते हवेत जात नाही, विधिमंडळ सचिवालय ते वेचून काढतं, त्याला नंबर पडतो, आणि आश्वासन समिती त्या खात्याच्या सचिवांना बोलावून विचारते की झालं का, नसेल तर मुदतवाढ मागा, कारणं द्या. मंत्री बदलला तरी नंबर तसाच राहतो, कारण आश्वासन शासनाचं असतं, माणसाचं नसतं. आमच्याकडे तेच झालं, मध्येच खातेबदल झाला, नव्या साहेबांना काही माहीत नव्हतं, पण आश्वासनाचा नंबर टाकून पत्र लिहिलं तर यावेळी उत्तर पंधरा दिवसांत आलं आणि त्यात ‘उचित कार्यवाहीस्तव’ नव्हतं.

तीन महिन्यांचे सात झाले, पण कुलूप निघालं. उद्घाटनाला बॅनरवर आमच्या सत्ताधारी आमदारांचा फोटो सगळ्यात मोठा, ‘पाठपुराव्याला यश’. मी टाळ्या वाजवल्या, त्यांनी मला स्टेजवर बोलावून नारळ दिला, नाही म्हणणार कसं. ज्यांनी लक्षवेधी लावली त्यांना आमंत्रणच नव्हतं, त्यांच्या पीएला मी फोटो पाठवला, त्याने नुसता अंगठा पाठवला.

सध्याची स्थिती अशी आहे. एक डॉक्टर कंत्राटी, दोन नर्स, ओपीडी सकाळी 9 ते दुपारी 1. लसीकरण होतं, साखर-बीपीच्या गोळ्या मिळतात, आई आता तिथूनच घेते. पदं मंजूर आहेत दोन डॉक्टरांची, दुसरं रिकामं. रात्री गेट बंद. आश्वासन समितीकडे खात्याने काय कळवलंय त्याची प्रत मागवली होती, परवा पोस्टाने आली, त्यात लिहिलंय ‘अंशतः पूर्तता’. पीएला वाचून दाखवलं. तो म्हणाला रात्रीच्या बाळंतपणांचा गेल्या वर्षभराचा रेफर केलेला आकडा काढून आणा, रजिस्टरच्या प्रतीसकट. सोमवारी 3 वाजता जातोय.