चहात रंगवलेले परकर

हुतात्मा चौकाच्या पदपथावर जुनी पुस्तकं चाळताना माझा एक नियम आहे. पहिलं पान उभ्याउभ्या वाचायचं आणि दुसऱ्याची ओढ लागली तरच भाव करायला तोंड उघडायचं. एका जूनमध्ये पावसाची पहिली मोठी सर आली, विक्रेत्यानं घाईघाईनं सगळ्या ढिगावर निळी ताडपत्री ओढली, आणि माझ्या हातात ‘द आयलंडमन’ नावाचं एक पुस्तक राहून गेलं. नावावरून वाटलं, कुणा साहेबाचं प्रवासवर्णन असणार. पानोपानी सूर्यास्त. ताडपत्रीच्या कडेखाली मान घालून पहिलं पान वाचलं. लेखक म्हणत होता की तो घरातलं शेंडेफळ, आणि चार वर्षांचा होईपर्यंत अंगावर पीत होता. शिवाय ते त्याला आठवतही होतं! मी नियम मोडला आणि भाव न करताच पैसे दिले.

लेखकाचं नाव तोमास ओ’क्रोहन. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला ब्लास्केट नावाचा बेटांचा पुंजका आहे, त्यातल्या मोठ्या बेटावरचा हा कोळी. बेट लांबीला जेमतेम पाचेक किलोमीटर. मुख्य जमीन समोर दिसते इतकी जवळ, पण मधला समुद्र खवळला की हप्ता-हप्ता पलीकडे जाता यायचं नाही. वस्ती भरभराटीच्या काळातसुद्धा दोनशेच्या आतली. ना चर्च, ना डॉक्टर, ना दारूचा गुत्ता. आणि एवढ्याशा ठिकाणाहून सात वर्षांत तीन पुस्तकं आली, जी आजही छापली आणि वाचली जातात. तोमासचं १९२९ साली, मॉरिस ओ’सलिव्हन या तरुणाचं १९३३ साली आणि पेग सेयर्स या म्हातारीचं १९३६ साली. तिन्ही मूळ आयरिश भाषेत. आमच्या हाऊसिंग सोसायटीत दोनशेहून जास्त माणसं राहतात. आमच्याकडून आजवर फक्त पार्किंगची नियमावली निघाली आहे.

तोमास लिहायला कसा लागला, ते वाचताना मला फार गंमत वाटली. आयरिश त्याच्या तोंडात जन्मापासून, पण लिहिता-वाचता येत नव्हती, कारण शाळेत सगळं इंग्रजी. चाळिशीच्या आसपास तो बाजाराला पलीकडच्या गावी जायचा आणि वारा सुटला की तिथंच अडकायचा. ज्या घरी मुक्काम, तिथली पोरं नुकतीच शाळेत आयरिश शिकू लागली होती. त्यांच्या पुस्तकांवरून हा गडी वाचायला शिकला. पुढं ब्रायन ओ’केली नावाचा एक पाहुणा बेटावर आला. त्यानं तोमासला रशियन लेखक गॉर्की आणि फ्रेंच लेखक पिएर लोटी वाचून दाखवले. कष्टकऱ्यांच्या, कोळ्यांच्या आयुष्यावर पुस्तकं होतात हे कळल्यावर तोमासनं दौत पुढं ओढली. गॉर्कीनं आपल्याकडेही कितीजणांना लिहितं केलं, ते आठवून मला तो एकदम ओळखीचा वाटू लागला.

पुस्तकात समुद्राचं वर्णन जवळजवळ नाही. समुद्र आहे तो मासळीपुरता, वाऱ्यापुरता, कोण बुडालं एवढ्यापुरता. भरपूर आहे ती होडी. नेवोग तिचं नाव. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कॅनव्हास आणि वरून फासलेलं डांबर. किनाऱ्याला लागली की तीन-चार जण ती पालथी डोक्यावर घेऊन चढण चढतात. लांबून पाहणाऱ्याला एक काळा भुंगा सहा-आठ पायांवर टेकडी चढताना दिसतो. हे वाचलं आणि रात्री दिवा बंद केल्यावरही तो भुंगा डोळ्यांपुढून हलेना.

पण मला कायमचा जिंकला तो चहाच्या प्रसंगानं. एकदा फुटलेल्या जहाजातल्या पेट्या बेटाच्या किनाऱ्याला लागल्या. आत काळसर, चुरगळलेला पाला. चहा बेटावर अजून पोचलेलाच नव्हता, तेव्हा हा पाला कशाचा हे कुणाला कळेना. पाण्यात घातला तर रंग सुटतो एवढं मात्र बायकांच्या लक्षात आलं. मग काय, फ्लॅनेलचे परकर त्यात बुडवून रंगवून काढले. पुढं चहाची चटक लागल्यावर त्या परकरांकडे बघून घराघरात काय संवाद झाले असतील! सकाळच्या कपात बुडी मारायला पिशवी सोडताना मला अजून ते परकर आठवतात. कुठल्या इतिहासकारानं हे टिपलं असतं? त्यानं जहाजाचं वजन दिलं असतं.

तोमासच्या पुस्तकात दुःख आहे, पण ते तो दोन ओळींत उरकतो. एक मुलगा कड्यावरून पडला, एक बुडणाऱ्या मुलीला वाचवायला गेला आणि परत आला नाही. पुढच्या परिच्छेदात हा पुन्हा सरपणाला निघालेला. पहिल्यांदा वाचताना मला तो कोरडा वाटला होता. आता तसं वाटत नाही.

पेगची तऱ्हा वेगळी. ती लग्न होऊन बेटावर आलेली, सांगणारी बाई. लिहायचं काम मुलाचं. ती बोलत गेली आणि तो उतरवत गेला. आपला एक पाय थडग्यात आणि दुसरा त्याच्या काठावर, अशी तिची सुरुवात. आपली एखादी आजी ‘माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या’ म्हणत पुढं तीन तास बोलते, तोच थाट. आयर्लंडच्या शाळांत हे पुस्तक कित्येक वर्षं अभ्यासाला होतं, आणि पेगचं नाव काढलं की तिथल्या दोन-तीन पिढ्या अजून कपाळाला आठ्या घालतात. परीक्षेला लावलं की आजीसुद्धा नकोशी होते. मला मात्र ती वाचताना सारखी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येत होती. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागानं आली. लक्ष्मीबाई लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. दोघी जवळपास एकाच वयाच्या, दोघींच्या वाक्यात स्वयंपाकघराचा धूर, आणि स्वतःची फजिती सांगताना दोघींच्या अंगात येणारं तेच वारं. दोघींना एका ओट्यावर बसवलं असतं तर दुभाष्याची पंचाईत झाली असती, त्यांची नाही.

बेट पुढं रिकामं होत गेलं. तरुण अमेरिकेला, बरेचसे मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्ड गावी. जाणाऱ्यासाठी आदल्या रात्री गाणं-नाचणं असायचं, आणि पहाटे रडारड. कोकणातून मुंबईला निघणाऱ्या चाकरमान्याला निदान गणपतीची सुट्टी होती. १९४७ सालच्या जानेवारीत एक तरुण आजारी पडून गेला. वादळामुळं डॉक्टर येऊ शकला नाही. १७ नोव्हेंबर १९५३ ला सरकारनं उरलेल्या मंडळींना हलवायला सुरुवात केली. ती होती बावीस.

ही पुस्तकं संपल्यावर मी घारापुरीला तिसऱ्यांदा गेलो. आधी दोनदा गेलो होतो तो सगळ्यांसारखाच. गेटवेहून लाँच, लेणी, त्रिमूर्तीपुढं फोटो, परत. त्या बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशा वस्त्या आहेत आणि समुद्राखालच्या केबलमधून तिथं वीज पोचली ती २०१८ साली, हे मला वर्तमानपत्रात वाचून कळलं होतं. मुंबईच्या दिव्यांच्या समोर, इतक्या वर्षांनी.

या वेळी पायऱ्यांवर काकडी विकणाऱ्या मावशींजवळ बसलो.

‘मावशी, लाइट यायच्या आधी रात्री कसं असायचं इथं?’

त्यांनी सुरी थांबवली. ‘तुम्हाला कशाला रं ते?’ म्हणाल्या, आणि मग सांगायला लागल्याच. जनरेटरचं, कंदिलाचं, रात्री पोट दुखायला लागलेल्या सुनेला होडीत घालून नेल्याचं. सून होडीत ओरडत होती आणि नवरा इंजिनाला शिव्या देत होता, इथपर्यंत आलं आणि खाली धक्क्यावर परतीच्या लाँचचा भोंगा झाला.

‘जावा, ती शेवटची हाय,’ मावशी म्हणाल्या. मी उठलो. काकडीचे पैसे द्यायचे राहिले होते, ते दिले आणि पायऱ्या उतरत पळालो.