साधा वरणभात

"आज काहीच केलं नाही गं, नुसता वरणभात टाकलाय."

फोनवरचा हा सूर इतका अपराधी का असावा?

साधं वरण बिघडायला वेळ लागत नाही. वाटीभर तूरडाळ अर्धा तास भिजवायची. अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग, थेंबभर तेल; तेलामुळे शिट्टीतून फेस कमी उसळतो. डाळ गरम असतानाच घोटायची. सैल करायला गार पाणी ओतलं की डाळ खाली, पाणी वर. म्हणून आधणाचंच घालावं. मीठ, गुळाचा खडा, एक उकळी. फोडणी मुळीच नको, मग ती आमटी!

तांदूळ नवा आंबेमोहोर असेल तर पाणी बेतानं, नाहीतर गोळा होतो.

वर कढवलेलं साजूक तूप, लिंबाची फोड.

तुमच्याकडे आधी काय, तूप की लिंबू?